हेवीवेटचे विजेते एकमेकांशी लढायला इतकी वर्षं का घेतात?

उदयन_पुणे

मंडळी, १८ मे २०२४ ला रियाधमध्ये ओलेक्सांद्र उसिकनं टायसन फ्युरीला हरवलं आणि बॉक्सिंगच्या हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड गटाचे, चार संघटनांचे चारही जगज्जेतेपदाचे पट्टे एका माणसाकडे आले. त्याआधीचा निर्विवाद, म्हणजे सगळे पट्टे एकत्र असलेला, विजेता लेनॉक्स लुईस. त्यानं १३ नोव्हेंबर १९९९ ला लास वेगासमध्ये इव्हँडर होलीफिल्डला हरवलं होतं आणि तेव्हा मोजायचे पट्टे तीनच होते, डब्ल्यूबीओ या चौथ्या संघटनेला फारसं कोणी विचारत नव्हतं. मध्ये साडेचोवीस वर्षं गेली.

या काळातलं मला सर्वांत जास्त सलतं ते २०१८. त्या वर्षी मार्चमध्ये अँथनी जोशुआनं कार्डिफला जोसेफ पार्करला हरवून तिसरा पट्टा मिळवला. चौथा, डब्ल्यूबीसीचा, डिऑन्टे वाइल्डरकडे होता. जोशुआ २१ लढती, २१ विजय. वाइल्डर ४० लढती, ४० विजय. दोघंही तरुण, दोघांच्याही हातात एका ठोशात लढत संपवायची ताकद. वाइल्डरच्या बाजूनं पाच कोटी डॉलरची हमी पुढे आली. जोशुआच्या बाजूनं म्हटलं की सही करण्यासारखा कागद कुठे आहे? उन्हाळाभर हेच चाललं. शेवटी जोशुआ सप्टेंबरमध्ये वेम्बलीला पोव्हेत्किनशी लढला. वर्षभरात अँडी रुइझनं न्यूयॉर्कमध्ये जोशुआला लोळवलं, फेब्रुवारी २०२० मध्ये फ्युरीनं वाइल्डरला, आणि ती लढत कायमची राहून गेली.

यावर बोलताना सगळे लगेच ‘घाबरला’ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. जो माणूस वाइल्डरच्या उजव्या हातासमोर कोणत्याही भावात उभा राहायला तयार असतो, त्याच्या धैर्याबद्दल आपण खुर्चीत बसून बोलू नये. माझं म्हणणं असं आहे की पट्टा ही मिळकत आहे. ज्याच्याकडे तो आहे त्याला वर्षातून दोन लढती ठरलेल्या पैशात, बहुतेक वेळा घरच्या प्रेक्षकांसमोर मिळतात. दुसऱ्या विजेत्याशी लढला तर पैसे एकदा भरपूर मिळतील, पण हरला तर पुढच्या तीन वर्षांचा भाव पडतो. प्रमोटरचं तर आणखी अवघड. त्याचा माणूस हरला की पट्टा थेट दुसऱ्या प्रमोटरच्या घरी जातो. मग तो प्रमोटर घाई का करेल?

तुम्हाला काय वाटतं?

---

सातारकर

उदयनराव, मांडणी चांगली आहे, पण मी सहमत नाही. मिळकत वगैरे ठीक, पण माणूस शेवटी निर्णय घेतो ना?

रिडिक बो. सोल ऑलिम्पिक १९८८, सुपर हेवीवेटची अंतिम फेरी, लुईसनं त्याला दुसऱ्या फेरीत थांबवलं. पुढे बो व्यावसायिक झाला, नोव्हेंबर १९९२ मध्ये होलीफिल्डला हरवून निर्विवाद विजेता झाला. दोन आठवड्यांआधीच लुईसनं लंडनमध्ये रेझर रडॉकला दुसऱ्या फेरीत गुंडाळून पुढचा हक्क मिळवला होता. बोनं काय केलं? डिसेंबरमध्ये लंडनला पत्रकारांसमोर डब्ल्यूबीसीचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. आणि मग मायकेल डोक्स आणि जेसी फर्ग्युसन यांच्याशी लढला. डोक्स पहिल्या फेरीत संपला, फर्ग्युसन दुसऱ्या.

लुईस–बो लढतीला त्या वेळी पैसा कमी पडला असता असं कोणी म्हणू नये. ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीची परतफेड, दोघंही अपराजित, एक अमेरिकेत राहणारा आणि एक ब्रिटनचा. पैशाचा पाऊस पडला असता. तरी झाली नाही. याला मी टाळणं म्हणतो आणि त्यामागे भीती होती असंच म्हणतो.

---

रेवा_के

मी करार वाचण्याच्या व्यवसायात आहे म्हणून कदाचित मला हे वेगळं दिसतं.

चार संघटना आहेत: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ. प्रत्येकीची स्वतःची क्रमवारी आहे आणि प्रत्येकीचा स्वतःचा ‘मँडेटरी’ आव्हानवीर. ठरलेल्या मुदतीत त्याच्याशी लढला नाहीत तर पट्टा काढून घेतात. संघटनेचं उत्पन्न म्हणजे लढतीच्या मानधनातला हिस्सा. एकाच माणसाकडे चार पट्टे असले तर वर्षाकाठी लढती दोन होणार. चार वेगवेगळे विजेते असले तर आठ. संघटनेला एकच विजेता असण्यात काय फायदा, हा प्रश्न मला कोणी समजावून सांगावा.

आता २०१५ बघा. २८ नोव्हेंबरला ड्युसेलडॉर्फमध्ये फ्युरीनं व्लादिमिर क्लिच्कोला हरवलं. करारात क्लिच्कोला परतीची लढत देण्याचं कलम होतं. आयबीएफचं म्हणणं, आमचा आव्हानवीर ग्लाझकोव्ह, त्याच्याशी लढ. फ्युरी करारानं बांधलेला, म्हणून दोन आठवड्यांच्या आत पट्टा गेला. जानेवारीत ग्लाझकोव्ह आणि चार्ल्स मार्टिन त्या रिकाम्या पट्ट्यासाठी लढले, ग्लाझकोव्हचा गुडघा गेला, मार्टिन विजेता. एप्रिलमध्ये जोशुआनं मार्टिनला दुसऱ्या फेरीत संपवलं. जोशुआचा पहिला जागतिक पट्टा असा आला. उदयन, तुझ्या २०१८ च्या कहाणीतला एक विजेता हाच. यात भ्याड कोण? कोणीच नाही. सगळे आपापला कागद पाळत होते.

२०२१ तर मला तोंडपाठ आहे. फ्युरीनं जाहीर केलं की १४ ऑगस्टला सौदीत जोशुआशी लढत. लगेच अमेरिकेतल्या लवादाचा निकाल आला की वाइल्डरचा तिसऱ्या लढतीचा हक्क शाबूत आहे, आधी त्याच्याशी लढा. जोशुआच्या वाट्याला डब्ल्यूबीओचा आव्हानवीर आला, त्याचं नाव उसिक. सप्टेंबरमध्ये जोशुआ हरला. चार पट्टे एकाच रिंगमध्ये आले असते ते एका कलमामुळे तीन वर्षं पुढे गेले.

---

सातारकर

रेवाताई, २०२१ मान्य. पण ते परतीच्या लढतीचं कलम करारात घातलं कोणी? आभाळातून पडलं का? हरल्यावर दुसरी संधी मिळावी म्हणून बॉक्सरच्याच माणसांनी ते मागितलं. स्वतःच बांधलेली दोरी आहे ती.

---

बापू_बेलापूर

वयानं इथल्या बऱ्याच जणांपेक्षा मोठा आहे, म्हणून थोडं मागचं सांगतो.

पट्टे फुटण्याची हेवीवेटमधली खरी सुरुवात १९७८ ची. फेब्रुवारीत लिऑन स्पिंक्सनं मुहम्मद अलीला हरवलं. डब्ल्यूबीसीनं सांगितलं, केन नॉर्टनशी लढ. स्पिंक्सनं अलीलाच परत संधी दिली, कारण जग तीच लढत बघायला थांबलं होतं. डब्ल्यूबीसीनं पट्टा काढून नॉर्टनला बसल्या जागी देऊन टाकला. जूनमध्ये लॅरी होम्सनं नॉर्टनला पंधरा फेऱ्यांत हरवलं. ज्यांना ती पंधरावी फेरी बघायला मिळाली नसेल त्यांनी शोधून बघावी. दोघंही पाय ओढत असताना असे ठोसे मारत होते की आजही अंगावर काटा येतो.

तिथून पुढे होम्स सात वर्षं विजेता होता. पलीकडे डब्ल्यूबीएचा पट्टा टेट, वीव्हर, डोक्स, कोएत्झी अशा हातांतून फिरत राहिला. होम्सची एकाशीही पट्टे एकत्र करायची लढत झाली नाही. १९८३ च्या शेवटी होम्सनं डब्ल्यूबीसीचा पट्टा सोडला आणि नव्यानं निघालेल्या आयबीएफचा घेतला, म्हणजे आता तीन झाले. होम्सला कोणी भित्रा म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, त्या काळातला सर्वोत्तम होता आणि तो कोएत्झीशी लढायला तयारही होता, ती लढत पैशांची जुळणी न झाल्यानं मोडली.

आणि ८ मार्च १९७१? अली आणि फ्रेझर, दोघंही अपराजित, दोघांना प्रत्येकी पंचवीस लाख डॉलर. त्या काळात हा आकडा ऐकून माणसं गप्प व्हायची. तेव्हा भीती कुठे गेली होती? सातारकर, विचार करा.

---

उदयन_पुणे

बापूकाका, तुम्ही माझ्या मनातल्या मुद्द्यावर बोट ठेवलंत. मी यादी काढून बसलो होतो.

मोठी लढत होते तेव्हा बहुतेक वेळा बाहेरचा कोणीतरी येऊन हरणाऱ्यालाही पुरेल इतका पैसा आधीच टेबलावर ठेवतो. १९०८ मध्ये जॅक जॉन्सन टॉमी बर्न्सच्या मागे सिडनीपर्यंत गेला. बर्न्सनं तोवर टाळलं, मग ह्यू मॅकिन्टॉश नावाच्या ऑस्ट्रेलियन प्रमोटरनं त्याला तीस हजार डॉलर कबूल केले. जॉन्सनला फक्त पाच हजार. २६ डिसेंबरला लढत झाली, चौदाव्या फेरीत पोलिसांनी थांबवली आणि पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता झाला. १९७४ मध्ये अली आणि फोरमनला प्रत्येकी पन्नास लाख डॉलर, ते आले झैरेचा हुकूमशहा मोबुटू याच्या तिजोरीतून, लढत किन्शासाला. १९८६ मध्ये तीन पट्टे एकत्र आणायची मालिकाच एचबीओ या अमेरिकी वाहिनीनं विकत घेतली. नोव्हेंबर १९८६ ला माइक टायसननं बर्बिककडून पहिला घेतला, मार्च १९८७ ला स्मिथकडून दुसरा, ऑगस्टला टकरकडून तिसरा. नऊ महिन्यांत काम झालं! आणि २०२४ चं तर सगळ्यांना माहीत आहे. सौदीच्या मनोरंजन प्राधिकरणाचे प्रमुख तुर्की आलशेख यांनी पैसा ओतला.

उलट बाजूनं बघा. २००२ ची लुईस–टायसन लढत वर्षानुवर्षं अडली कारण लुईस एचबीओचा आणि टायसन शोटाइमचा. दोन्ही वाहिन्यांनी मिळून दाखवायचं ठरवलं तेव्हाच मेम्फिसला ती झाली. तोवर लुईस ३६ वर्षांचा, टायसन ३५ चा. टायसन तर त्या रात्री दुसऱ्या फेरीनंतर संपलेलाच होता, आठवीपर्यंत उभा राहिला इतकंच.

---

सातारकर

उदयनराव, तुमच्याच १९८६ च्या मालिकेतून मायकेल स्पिंक्स बाहेर पडला हे सांगायचं राहिलं. त्याच्याकडे आयबीएफचा पट्टा होता. तो काढून घेतला गेला, तरी तो जेरी कूनीशी लढायला गेला, कारण तिथे पैसा जास्त आणि धोका कमी होता. एचबीओनं टेबलावर पैसा ठेवलेला असूनही गेला. वर्षभरानं टायसनसमोर आला तेव्हा ९१ सेकंदांत आटोपलं. म्हणजे त्याला काय येणार ते दिसत होतं.

आणि १९९६. टायसननं मार्चमध्ये ब्रुनोकडून डब्ल्यूबीसीचा पट्टा घेतला. लुईस पहिला हक्कदार. लुईसला बाजूला थांबण्यासाठी चाळीस लाख डॉलर दिले गेले, टायसन सेल्डनशी लढला, आणि नंतर डब्ल्यूबीसीचा पट्टाच सोडून दिला. लुईसला चाळीस लाख देणं परवडत होतं, लढणं परवडत नव्हतं. तुम्ही सगळे कागद आणि वाहिन्या दाखवता, मी दोन वेळा एकाच माणसापासून दोन विजेत्यांनी पट्टे सोडलेले दाखवतो.

---

लेस्टरकर

इंग्लंडमध्ये राहतो, त्यामुळे इथल्या प्रेक्षकांविषयी एक सांगायचं आहे.

२१ सप्टेंबर २०२४ ला वेम्बलीत होतो. ९६ हजार माणसं. जोशुआ विरुद्ध ड्युबोआ. पहिल्याच फेरीत जोशुआ खाली गेला आणि पाचव्या फेरीत सगळं संपलं. परतताना रेल्वेत ऐकू येत होतं, ‘संपला हा’, ‘कधी नव्हताच चांगला’. याच लोकांनी २०१७ मध्ये याच मैदानावर क्लिच्कोविरुद्ध तो पडून उठला आणि अकराव्या फेरीत जिंकला तेव्हा त्याला डोक्यावर घेतलं होतं.

बॉक्सरला हरणं का परवडत नाही, तर आपण परवडू देत नाही. जो लुईस तीनदा हरला. अली पाचदा. लेनॉक्स लुईस दोनदा ठोशानं खाली गेला, मकॉल आणि रहमानकडून, आणि दोघांनाही परत हरवून आला. त्यांना कोणी कमी मानत नाही. पण आजच्या बॉक्सरच्या नावापुढे पराभवाच्या रकान्यात शून्य नसेल तर तिकीट विकत नाहीत. वाइल्डरचे ४० विजय कोणावर आले ते बघायला कोणी बसलं नाही, आकडा बघून लोक भारावले. शून्याची ही पूजा आम्ही प्रेक्षकांनीच सुरू केली. मग विजेता शून्य जपेल नाही तर काय करेल?

सातारकर दादा, बोच्या बाबतीत मी तुमच्याशी सहमत आहे. पण बाकीच्यांना त्याच मापानं मोजू नका.

---

मृणाल_दे

पहिल्यांदाच लिहिते आहे. आतापर्यंत सगळे विजेत्यांविषयी बोललात. ज्यांना टाळलं गेलं त्यांचं काय झालं हे कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहायला बसले.

सॅम लँगफर्ड. उंची साडेपाच फुटांच्या थोडी वर. १९०६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जॅक जॉन्सनशी पंधरा फेऱ्या लढला आणि हरला, जॉन्सन त्याच्यापेक्षा खूप जड होता. पुढे लँगफर्ड भरला, खरा हेवीवेट झाला, आणि जॉन्सन विजेता झाला. त्यानंतर जॉन्सननं त्याला एकदाही संधी दिली नाही. उदयन यांनी वर ज्या जॉन्सनचं कौतुक केलं, जो बर्न्सच्या मागे अर्धं जग फिरला, त्यानंच. कारण साधं होतं. गोऱ्या आव्हानवीराशी लढलं की दार उघडलं जायचं, दोन कृष्णवर्णीय लढले तर गर्दी होणार नाही असं मानलं जायचं. शिवाय लँगफर्ड धोकादायक होता. दोन्ही कारणं एकदम खरी असू शकतात. तुम्ही इथे ‘भीती की पैसा’ असं भांडता आहात, पण त्या दोन गोष्टी एकमेकींच्या आड लपतात.

मग हॅरी विल्स. जॅक डेम्प्सी १९१९ ते १९२६ विजेता होता आणि त्यातला बराच काळ विल्स पहिला हक्कदार. न्यूयॉर्कचा बॉक्सिंग आयोग म्हणत होता विल्सशी लढ. प्रमोटर टेक्स रिकार्ड तयार नव्हता. १९१० ची रीनोची जॉन्सन–जेफ्रीज लढत त्यानंच भरवली होती आणि त्यानंतर अमेरिकेभर दंगे झाले, माणसं मेली. परत तसं काही अंगावर घ्यायची त्याची इच्छा नव्हती. शेवटी डेम्प्सीची लढत विल्सशी न होता जीन टनीशी झाली, न्यूयॉर्क सोडून फिलाडेल्फियात, एक लाख वीस हजार लोकांसमोर. विल्स नुसता बघत राहिला. डेम्प्सीनं स्वतः टाळलं की रिकार्डनं टाळायला लावलं यावर आजही वाद आहे. विल्सला त्यानं काय फरक पडला?

लँगफर्ड आणि विल्स मात्र एकमेकांशी पंधराहून जास्त वेळा लढले. दारं बंद असलेली माणसं आपसात लढत राहिली. लँगफर्डची दृष्टी गेली, शेवटची वर्षं गरिबीत काढली. जोशुआ–वाइल्डर न झाल्याचं दुःख मला कळतं, पण ते दोघंही कोट्यधीश आहेत. टाळणं या शब्दाचं खरं वजन १९१० च्या दशकात आहे.

---

बापू_बेलापूर

मृणाल, फार चांगलं लिहिलंस. जॉन्सननं १९१३ मध्ये पॅरिसला बॅटलिंग जिम जॉन्सन या कृष्णवर्णीय बॉक्सरशी लढत दिली, ती बरोबरीत सुटली. म्हणजे लढायचंच असतं तर लँगफर्ड समोर होता. त्यानं सोपा निवडला. त्याच्याही आधीचा विजेता जॉन सुलिव्हन, त्यानंही ऑस्ट्रेलियातून आलेल्या पीटर जॅक्सनला रंगावरून उघडपणे नकार दिला होता. हा धागा तिथून सुरू होतो.

---

कोल्हापूरचा_वस्ताद

आम्ही कुस्तीवाले. एक सांगतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी दोन ठिकाणी झाली, फुलगाव आणि धाराशिव. दोन संघटना, दोन गदा. लोक विचारतात खरा केसरी कोण. जिथे दोन गाद्या, तिथे हा प्रश्न येणारच. पैलवानाला दोष देऊन उपयोग नाही. तुमच्याकडे तर चार गाद्या आहेत.

मिश्र युद्धकलेच्या यूएफसीमध्ये असं होत नाही. एकच कंपनी, एकच पट्टा, कंपनी सांगेल त्याच्याशी लढायचं.

---

रेवा_के

वस्ताद, यूएफसीत विजेता टाळू शकत नाही हे खरं, पण त्याची किंमत खेळाडू भरतो. तिथे कमाईतला खेळाडूंचा वाटा बॉक्सिंगमधल्या मोठ्या नावांच्या जवळपासही नाही. एन्गानू त्यांचा हेवीवेट विजेता, २०२३ च्या सुरुवातीला सोडून गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्युरीशी बॉक्सिंगची लढत खेळला. तिसऱ्या फेरीत फ्युरीला खालीही पाडलं. बॉक्सिंगसाठी अमेरिकेत २००० साली मुहम्मद अली कायदा आला, त्यात प्रमोटरनं बॉक्सरला जबरदस्तीच्या करारात अडकवण्यावर बंधनं आहेत. तो मिश्र युद्धकलेला लागू नाही. म्हणजे बॉक्सर नकार देऊ शकतो, ही त्याची ताकदही आहे. आपल्याला लढत हवी म्हणून त्यानं ती सोडावी असं मी म्हणणार नाही.

---

वरळीकर_जॅब

वजनगट छोटा असला, पैसा कमी असला की विजेते भिडतात हे माझं निरीक्षण आहे.

उसिकचंच उदाहरण घ्या. हेवीवेटला येण्याआधी तो क्रूझरवेट, म्हणजे त्याच्या खालच्या वजनगटात, होता. वर्ल्ड बॉक्सिंग सुपर सिरीज नावाच्या स्पर्धेत सप्टेंबर २०१७ मध्ये बर्लिनला जर्मनीचा हुक, जानेवारीत रीगाला लाटव्हियाचा ब्रिएडिस, जुलै २०१८ मध्ये मॉस्कोला रशियाचा गासिएव. तिन्ही वेळा समोरच्याच्या घरी जाऊन. दहा महिन्यांत चारही पट्टे. युक्रेनचा माणूस २०१८ मध्ये मॉस्कोत जाऊन लढला, हे किती मोठं आहे याचा विचार करा. हेवीवेटमध्ये इतके कोटी पडून नसते तर तिथेही असंच झालं असतं.

आपल्याकडे ऑगस्ट २०१७ मध्ये वरळीला विजेंदर सिंग आणि चीनचा झुल्पिकार मैमैतिअली लढले. दोघांकडेही डब्ल्यूबीओचा एकेक प्रादेशिक पट्टा होता आणि दोन्ही पणाला होते. मी होतो तिथे. शेवटच्या फेऱ्यांमध्ये विजेंदर थकला होता, गर्दी त्याला अक्षरशः आवाजानं उभं ठेवत होती. डोकलामचा तणाव चालू होता तेव्हा, आणि जिंकल्यावर तो म्हणाला की शांततेसाठी पट्टा परत द्यायला तयार आहे. प्रादेशिक पट्टे असतील, पण दोन पट्टेधारक समोरासमोर येण्याची मजा काय असते ते मला त्या रात्री कळलं.

---

लेस्टरकर

क्लिच्को बंधू कोणत्या खात्यात टाकायचे? २०११ मध्ये व्लादिमिरनं हेयला हॅम्बुर्गला हरवलं तेव्हा चारही पट्टे एकाच घरात होते. आईला शब्द दिला होता की एकमेकांशी लढणार नाही, म्हणून निर्विवाद विजेता झाला नाही.

---

सातारकर

ते टाळणं नाही. आईला दिलेला शब्द आहे. त्यांना यातून वगळा.

---

उदयन_पुणे

मृणाल यांच्या लिखाणानंतर माझी मांडणी मला अपुरी वाटते आहे असं नाही, पण तिच्यात एक भर घालायला हवी. बाहेरच्या पैशानं लढत होते असं मी म्हणालो. तो पैसा कोणासाठी येतो आणि कोणासाठी येत नाही हे त्या त्या काळातला समाज ठरवतो. विल्ससाठी मॅकिन्टॉश उभा राहिला नाही.

सातारकर, तुमच्या ‘माणूस निर्णय घेतो’ या म्हणण्याला माझ्याकडून एक आधार देतो. मार्च २०२३ मध्ये फ्युरीनं उसिकला जाहीरपणे सांगितलं, ७०–३० वाटणी, घ्यायची तर घे, उशीर केलास तर रोज एक टक्का कमी. उसिककडे तीन पट्टे, फ्युरीकडे एक. कोणताही प्रमोटर म्हणाला असता की हा अपमान आहे. उसिक म्हणाला, मान्य, फक्त दहा लाख पौंड युक्रेनला दे. तरीही ती बोलणी मोडली, परतीच्या लढतीच्या वाटणीवरून. म्हणजे एका माणसाची तयारी पुरेशी नव्हती. रियाधचा पैसा आल्यावरच ते झालं, आणि तेही फेब्रुवारी २०२४ ची तारीख फ्युरीच्या भुवईला सरावात जखम झाल्यानं हुकल्यावर मे महिन्यात.

---

रेवा_के

आणि झाल्यावर काय झालं? मे मध्ये उसिक निर्विवाद विजेता. जूनमध्ये आयबीएफचा पट्टा त्याला सोडावा लागला, कारण त्यांचा आव्हानवीर थांबला होता आणि उसिक फ्युरीला परतीची लढत देण्यास बांधलेला. साडेचोवीस वर्षांनी आलेली गोष्ट महिनाभर टिकली. तो पट्टा ड्युबोआला मिळाला, त्यावर ड्युबोआनं जोशुआला हरवलं, तीच लेस्टरकरांनी बघितलेली लढत. मग जुलै २०२५ मध्ये उसिकनं वेम्बलीला ड्युबोआला पाचव्या फेरीत संपवून तो परत घेतला. सातारकर, इथे मला दाखवा कोण कोणाला घाबरलं.

---

सातारकर

रेवाताई, उसिकविषयी मी एक शब्द उलट बोललो नाही आणि बोलणार नाही. तो घाबरत नाही म्हणूनच तर कागदाच्या जंगलातून वाट काढून दोनदा निर्विवाद झाला. कागद सगळ्यांसाठी तोच होता ना? ७०–३० ला हो म्हणणारा तो एकटा निघाला. तीच माझी बाजू आहे.

मला राग वर्षांचा आहे. वयं बघा. लुईस–होलीफिल्ड दुसऱ्या लढतीला ३४ आणि ३७. लुईस–टायसन ३६ आणि ३५. उसिक–फ्युरी ३७ आणि ३५. आपल्याला मोठी लढत मिळते तीच मुळी उतरणीवर. डिसेंबर १९९२ मध्ये बो २५ वर्षांचा होता आणि लुईस २७ चा. बोचा आतला खेळ बघितलाय का कोणी? इतका उंच माणूस जवळ जाऊन कोपरं आत ठेवून खालून वर अपरकट मारायचा तसा मी दुसरा पाहिला नाही. आणि लुईसचा उजवा हात रडॉकला काय करून गेला ते वर लिहिलंच आहे. १९९३ च्या वसंतात हे दोघं भिडले असते तर आपण आज होलीफिल्ड–बो त्रयीइतकंच त्याविषयी बोलत असतो.

---

मृणाल_दे

सातारकर, कोण जिंकलं असतं?

---

सातारकर

पहिल्या सहा फेऱ्या बो. त्यानंतर लुईस, नवव्या-दहाव्यापर्यंत. बोची तयारी डोक्सच्या वेळीच ढिली पडायला लागली होती, वजन वाढलेलं दिसत होतं.

---

बापू_बेलापूर

मी बोवर लावेन. १९९३ चा लुईस अजून प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्डकडे गेला नव्हता. जॅबनंतर उजवा हात सोडायचा आणि खाली पडलेला डावा हात उघडा ठेवायचा. मकॉलनं १९९४ मध्ये तीच फट पकडली. बोनं ती आधी पकडली असती.